‘ढ’पासून ‘झ’पर्यंत

(प्रस्तावना)

2004 सालचा श्रावण. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका डीटीपीच्या दुकानात मी संध्याकाळी बसायचो. लग्नपत्रिका, शोकसंदेश, शाळेच्या प्रश्नपत्रिका, जे येईल ते टाइप करायचो आणि उरलेल्या वेळात मालकांच्या हौसेखातर गावातल्या बातम्यांचं एक छोटंसं संकेतस्थळ सांभाळायचो. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालणाऱ्या कावडींची बातमी त्या दिवशी चढवायची होती. तिच्यात एक साधं वाक्य होतं : ‘श्रावण सोमवारी ढोल-ताशांच्या गजरात मंडळे सज्ज झाली.’ टाइप केलं, दोनदा वाचलं, चढवलं. पानावर उमटलं ते असं : ‘श्रावण सोमवारी ाली.’

ढोल गेला, ताशे गेले, मंडळंही गेली. मागे राहिला एक पोरका काना आणि ‘ली’.

मालकांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि क्षणात तोड काढली : ‘ढोल काढ, वाजंत्री लिही.’ लिहिलं. वाक्य अख्खं दिसायला लागलं आणि त्या वर्षीची कावड आमच्या संकेतस्थळावर वाजंत्रीवरच निघाली. हे पुस्तक लिहायला मला वीसेक वर्षं लागली, त्याचं एक कारण हेच, की मालकांचा तो उपाय चुकीचा का, हे नीट सांगता यायला मला बराच काळ लागला. उपाय लागू पडला होता, हीच त्यातली अडचण.

झालं होतं ते असं. त्या काळी आमच्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव हा फॉन्ट घरोघरच्या तांदळासारखा होता. तो फॉन्ट म्हणजे एक सोंग. माणसाला पडद्यावर देवनागरी दिसायची, पण संगणकाच्या पोटात साधी रोमन अक्षरं आणि चिन्हं असायची. ‘ल’ म्हणजे रोमन वाय, ‘क’ म्हणजे डी. मुळाक्षरं संपली की चिन्हांनाही कामाला जुंपलेलं. त्या वाटणीत < हे चिन्ह ‘ढ’च्या वाट्याला आलं आणि > हे ‘झ’च्या. आता ब्राउझरला कृतिदेव कळत नाही, त्याला फक्त एचटीएमएल कळतं. त्या भाषेत < आणि पाठोपाठ रोमन अक्षर आलं की टॅग सुरू, म्हणजे हुकूम सुरू. > आलं की हुकूम संपला. ‘ढोल’मधल्या ‘ढ’ला त्याने हुकमाची सुरुवात मानलं आणि शेवट शोधत तो ‘झाली’मधल्या ‘झ’पर्यंत चालत गेला. मधलं सगळं त्याच्या लेखी एका अनोळखी टॅगचं नाव-गाव होतं. अनोळखी टॅगवर ब्राउझर तक्रार करत नाही, मुकाट्याने गिळतो.

शाळेत मागे राहणाऱ्या पोराला आपण ‘ढ’ म्हणतो. एवढा करामती ‘ढ’ मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुढे असे नमुने भेटतच गेले. कृतिदेवात जोडरेघ म्हणजे & हे चिन्ह, ‘स’ म्हणजे एल आणि ‘ज’ म्हणजे टी. त्यामुळे एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीतली ‘साज-सजावट’ ब्राउझरपर्यंत गेली तेव्हा तिच्या मधोमध &, एल, टी अशी तीन चिन्हं ओळीने उभी होती. एचटीएमएलमध्ये या तिघांचा अर्थ ‘इथे < हे चिन्ह दाखव’ असा होतो. नियमाप्रमाणे त्यांच्यामागे अर्धविराम हवा, पण ब्राउझर जुन्या लोकांसारखा समजूतदार, नसला तरी चालवून घेतो. त्याने आज्ञाधारकपणे < दाखवलं, फॉन्टने त्याला ‘ढ’चा वेष चढवला आणि वाचकाने वाचलं ‘साजढावट’. मंगल कार्यालयाचे मालक दुकानात आले होते ते आठवलं की अजून हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

‘श’ची गोष्ट तेवढी हसण्याची नाही. अर्ध्या ‘श’साठी कृतिदेवाने एकेरी अवतरणचिन्ह वापरलं होतं आणि अर्ध्या ‘ष’साठी दुहेरी. म्हणजे शाळा, शहर, शासन, शेतकरी हे सगळे शब्द संगणकाच्या पोटात एकेरी अवतरणाने सुरू व्हायचे. पीएचपी या भाषेत त्या काळी अशा चिन्हांपुढे आपोआप उलटी तिरकी रेघ मारणारी एक ‘जादुई’ सोय होती, पुढे 2012 मध्ये ती भाषेतून काढूनच टाकली. आणि कृतिदेवात उलटी तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्ह. फॉर्ममधून आलेला मजकूर तसाच परत छापला की पानावर ‘?शेतकरी’ असं यायचं. वऱ्हाडात शेतकऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावायला संगणकाची गरज नव्हती, पण त्यानेही लावलं.

हे सगळं विस्ताराने सांगितलं, कारण या पुस्तकाचा विषय याच्यापलीकडे फारसा नाही. दुसऱ्या कुणाचा मजकूर आपल्या पानात घालताना तो मजकूर म्हणूनच राहावा, त्याचा हुकूम होऊ नये, यासाठी जे करायचं त्याला एस्केप करणं म्हणतात. एचटीएमएलपुरतं बोलायचं तर पाच चिन्हं सांभाळायची : &, <, >, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण. त्यांच्या जागी त्यांचे सांकेतिक आकडे लिहायचे. < च्या जागी &#60; आणि & च्या जागी &#38; असं. ब्राउझर ते आकडे वाचतो, मूळ चिन्ह पडद्यावर काढतो, पण त्याला हुकूम मानत नाही. यात & चा नंबर पहिला लागतो. तो शेवटी घेतला तर आधीच्या चिन्हांसाठी आपणच लिहिलेल्या & वर पुन्हा प्रक्रिया होते आणि पानावर आकड्यांचा कचरा सांडतो. ‘एस्केप’ला मराठी शब्द द्यावा म्हणून मी बरीच खटपट केली. ‘सुटका’ म्हटलं तर कैदी डोळ्यापुढे येतो, ‘निष्प्रभ करणे’ म्हटलं तर बॉम्ब. अखेर पुस्तकभर ‘एस्केप करणे’ असंच ठेवलं. वर्गातली पोरंही तेच म्हणतात.

शब्द मिळाला नाही, पण कल्पना मात्र मराठीत फार जुनी आहे आणि आपण ती रोज वापरतो. ‘उद्या पाऊस येणार म्हणे.’ त्या ‘म्हणे’ने काय केलं पाहा. वाक्यातला एकही शब्द बदलला नाही, कापला नाही, साफ केला नाही. फक्त ऐकणाऱ्याला कळवलं की हे माझं बोलणं नव्हे, कुणाचं तरी आहे, मी पोचवतोय. ऐकणाराही लगेच छत्री शोधायला उठत नाही. एस्केप करणं म्हणजे ब्राउझरसाठी लिहिलेलं ‘म्हणे’. या पुस्तकात माझं म्हणून काही असेल तर एवढंच वाक्य. बाकीचं कोणत्याही चांगल्या संदर्भग्रंथात सापडेल.

याच्याही मागे जायचं तर पाणिनीपाशी जाता येतं. व्याकरणाच्या सूत्रात ‘अग्नि’ असं आलं तर त्याचा अर्थ विस्तव नव्हे, ‘अग्नि’ हा शब्दच, असं त्याने पहिल्याच अध्यायात बजावून ठेवलं आहे. बजावणं भाग होतं. चौथ्या अध्यायात ‘अग्नि’ला प्रत्यय लावायला सांगितलाय, तो निखाऱ्याला लावायला कुणी चुलीपाशी गेलं तर काय करायचं? योगायोग असा, की तो प्रत्यय ‘ढक्’ आहे. इथेही ‘ढ’च.

माणसाला हा फरक सहसा सांगावा लागत नाही. आमच्या असदगड किल्ल्याचं उदाहरण घ्या. दहीहांडा वेशीवरचा लेख सांगतो की हे बांधकाम औरंगजेबाच्या काळातलं, असदखानाच्या वजिरीतलं, 1697 चं. अगर वेशीच्या वरच्या भागात मराठीत कोरलंय की किल्ला गोविंद आप्पाजींनी 1843 मध्ये बांधला. दोन्ही दगडच, दोन्ही एकाच किल्ल्याचे, दोन्हींचा सूर तितकाच ठाम. वाचणारा गोंधळतो, हसतो, गॅझेटियर काढून बघतो, पण वेशीवर कोरलंय म्हणून ते खरंच धरावं लागतं असं त्याला वाटत नाही. लेख म्हणजे कुणीतरी कोरवलेलं वाक्य, हे त्याला ठाऊक असतं. ब्राउझरला ते ठाऊक नाही. त्याच्यासाठी पानावरचं प्रत्येक अक्षर पानाच्या मालकाने लिहिलेलं असतं. प्रतिक्रिया कुणी दिली, तक्रार कुणी नोंदवली, नावाच्या रकान्यात कुणी काय भरलं, याची त्याला दाद ना फिर्याद.

कृतिदेवाचा काळ ओसरला आणि युनिकोड आलं, पण एका रात्रीत नव्हे. मधल्या काळाने आमच्या पिढीला एक वाईट सवय लावली, तिच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. पानाचा संकेत, म्हणजे एन्कोडिंग, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचा ठेवलेला आणि वापरणारा युनिकोड मराठी टाइप करतोय, अशी जोडी तेव्हा सर्रास असायची. त्या संकेतात देवनागरीला जागाच नाही. मग ब्राउझर स्वतःच्या अकलेने प्रत्येक अक्षराचा आकडा करून पाठवायचा. ‘अकोला’ लिहिलं की डेटाबेसात जायचं : &#2309;&#2325;&#2379;&#2354;&#2366; आणि तसंच पानात परत ओतलं की पुन्हा छान ‘अकोला’ दिसायचं. आता एखाद्या शहाण्याने नियमाप्रमाणे एस्केप केलं की आकड्यांमागचा & निकामी व्हायचा आणि पडद्यावर गावाच्या नावाऐवजी हे आकडेच यायचे. गिऱ्हाईक बोंब मारायचं की मराठी बिघडलं. बरोबर उपाय होता पानाचा संकेत यूटीएफ-8 करण्याचा. सोपा उपाय होता एस्केप करणारी ओळ खोडण्याचा. कुणी कोणता निवडला असेल ते सांगायला नको. मीही तोच निवडला आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. ‘एस्केप केलं की मराठी बिघडतं’ हा समज तिथून निघाला आणि ज्यांनी ते आकडे कधी पाहिलेही नाहीत अशा पोरांच्या तोंडून मी तो अलीकडेही ऐकला आहे.

आजचा काळ त्याहून फसवा आहे, कारण आज काहीच बिघडत नाही. टॅगच्या नावाचं पहिलं अक्षर रोमनच असावं लागतं असा एचटीएमएलचा दंडक आहे. म्हणून कुणी <तूर> असं लिहिलं तर ब्राउझर ते जसंच्या तसं दाखवतो. ‘भाव <7000 असेल तर विकणार नाही’ हेही अख्खं दिसतं, आकड्यानेही टॅग सुरू होत नाही. मराठी पोरगा मराठी मजकूर घालून आपलं काम तपासतो, सगळं जागच्या जागी दिसतं, तो निर्धास्त होतो. काही वर्षांपूर्वी मी एका बियाण्याच्या दुकानासाठी चौकशीचा फॉर्म केला होता. एका शेतकऱ्याने विचारलं, सोयाबीन अमुक वाणाचं शिल्लक आहे का. वाणाचं नाव, म्हणजे जेएस-335, त्याने रोमन लिपीत लिहून उठून दिसावं म्हणून दोन्ही बाजूंनी कोनी कंस घातले होते. दुकानदाराच्या पडद्यावर आलं, ‘सोयाबीन शिल्लक आहे का?’ त्याने उत्तर दिलं, ‘आहे.’ शेतकरी गाडीभाडं खर्चून आला तेव्हा होतं ते दुसरंच वाण. त्याने वाणाचं नाव देवनागरीत लिहिलं असतं तर चूक माझ्या कोडमध्ये आणखी काही वर्षं सुखाने नांदली असती.

इथे कुणीही कुणावर हल्ला केला नव्हता, आणि म्हणून मला हे उदाहरण हल्ल्यांच्या कथांपेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याकडे हा विषय येतो तो थेट ‘सायबर सुरक्षा’ असा भगभगीत फलक लावून, काळ्या टोपड्यातल्या हॅकरच्या चित्रासकट. पोरांना वाटतं हे बँकांचं काम, आपल्या जिनिंगच्या हिशेबाला कोण येतंय. पण एस्केप न करणं ही आधी व्याकरणाची चूक आहे. व्याकरण चुकलं की कधी वाण गायब होतं, कधी त्याच फटीतून कुणी आत शिरतं. भोक एकच.

आता शिरण्याविषयी. वाणाच्या नावाऐवजी कुणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला, आत चार ओळींचा जावास्क्रिप्ट कोड, तर दुकानदाराच्या पडद्यावर तोही दिसणार नाही. पण तो चालेल, आणि दुकानदार लॉग-इन असेल तर त्याच्या अधिकारात चालेल. भाव बदलणं, यादी वाचणं, संदेश पाठवणं, जे त्याला करता येतं ते सगळं त्याच्या नावावर होईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. या प्रकाराला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. हे नाव मायक्रोसॉफ्टच्या काही अभियंत्यांनी जानेवारी 2000 मध्ये ठेवलं आणि पुढच्याच महिन्यात, 2 फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने त्याबद्दल जगाला सावध केलं. नाव तसं गैरसमज करून देणारंच आहे, दुसरी साइट लागतेच असं नाही. मात्र चूक चिवट. मायटर ही संस्था सॉफ्टवेअरमधल्या सर्वांत घातक पंचवीस दोषांची यादी काढते, तिच्यात 2024 सालीही हा दोष पहिल्या क्रमांकावर होता.

2005 च्या ऑक्टोबरात सॅमी कामकार नावाच्या तरुणाने मायस्पेस या समाजमाध्यमावर आपल्या पानात एक कोड पेरला. जो ते पान उघडेल तो आपोआप सॅमीचा मित्र व्हायचा आणि तोच कोड त्याच्याही पानावर उतरायचा. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक लोक असे ‘मित्र’ झाले. त्याला पुढे तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं, ते असो. मला यात रस आहे तो मायस्पेसच्या बंदोबस्तात, कारण बंदोबस्त होता. त्यांनी बरेचसे टॅग वर्ज्य केले होते आणि मजकुरात ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द दिसला की कापून टाकत होते. सॅमीने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. चाळणीला तो दिसला नाही, काही ब्राउझरांनी मात्र जोडून वाचला. ढोल काढ, वाजंत्री लिही, यातलाच हा प्रकार. शब्दांवर पाळत ठेवायची म्हटली तर भाषेत शब्द फार आहेत.

इथे मला वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न आठवतो : ‘सर, आत घेतानाच साफ करून घेतलं तर? नंतर कटकट नाही.’ जुन्या शहरातल्या माणसाला हे पटण्यासारखं आहे, वेशींच्या गावात आपण राहतो. वेशीवर पहारा बसवला की आतली वस्ती निवांत. पण वेशीला अर्थ असतो तो तटामुळे. इंग्रजांनी 1870 च्या सुमारास असदगड पाडला, त्यानंतर अगर वेशीतूनच आत या असं कुणाला सांगण्यात अर्थ उरला नाही. आपल्या डेटाबेसाला तर तट कधी नव्हताच. फॉर्ममधून येतं तेवढंच आपण धरतो. पण कुणी एक्सेलची फाइल चढवतं, मोबाइलच्या ॲपमधून नोंदी येतात, जुन्या सॉफ्टवेअरमधली दहा वर्षांची माहिती कुणीतरी रविवारी बसून ओतलेली असते. दुसरं असं, की दारातच एस्केप करून ठेवलं तर तो मजकूर फक्त एचटीएमएलच्या कामाचा उरतो. ‘पाटील & सन्स’ हे दुकानाचं नाव साठवतानाच ‘पाटील &#38; सन्स’ केलं, की एसएमएस जातो तोही तसाच, बिल छापलं जातं तेही तसंच. आणि पान दाखवताना दुसऱ्या कुणी प्रामाणिकपणे पुन्हा एस्केप केलं, की ‘&#38;’ ग्राहकाच्या पडद्यावरही उमटतं. कापूस बाजारात फिरा, निम्म्या पाट्यांवर & आहे. आत घेताना तपासा जरूर. दराच्या रकान्यात आकडाच आहे ना, तारीख खरी आहे ना, हे पाहायलाच हवं. पण ‘म्हणे’ लावायचं ते बोलताना, ऐकताना नव्हे.

बोलताना म्हणजे नेमकं कुठे, हा पुस्तकाचा सर्वांत लांब भाग झाला आहे आणि तो मी आखडता घेतलेला नाही. एका वेब पानात एकच भाषा नसते. दगडी पुलावरून जुन्या शहरात उतरलं की चार दुकानं ओलांडेपर्यंत कानावर वऱ्हाडी येते, दखनी उर्दू येते, मारवाडी येते. पानाचंही तसंच. मुख्य मजकूर एचटीएमएलचा, टॅगच्या पोटातल्या गुणधर्मांचे नियम थोडे निराळे, स्क्रिप्टच्या आत जावास्क्रिप्ट, सजावटीला सीएसएस आणि दुव्यांमध्ये पत्त्यांची स्वतःची भाषा. ऐकीव गोष्ट सांगायला वऱ्हाडीत ‘म्हणे’ लागतं, शेजारच्या दुकानात ‘सुना है’. एकाचं दुसरीकडे चालत नाही. एचटीएमएलसाठी एस्केप केलेलं नाव स्क्रिप्टच्या आत ठेवलं तर तिथे ते आकडे कुणी उलगडत नाही, ते कच्चेच राहतात आणि तिथे घातक असलेली चिन्हं वेगळी असतात. गुणधर्माची किंमत अवतरणात घातली नसेल तर फट पाडायला साधी मोकळी जागाही पुरते. आणि दुव्याचा पत्ताच ‘जावास्क्रिप्ट’ या शब्दाने आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होत असेल, तर पाचही चिन्हं सांभाळून काही उपयोग नाही, त्या पत्त्यात ती चिन्हं लागतच नाहीत. तिथे पत्ता कोणत्या शब्दाने सुरू होतो हेच पाहावं लागतं.

ट्विटरला 21 सप्टेंबर 2010 रोजी हा धडा गुणधर्मांच्या बाबतीत मिळाला. पत्त्यात @ आणि त्यामागे अवतरणचिन्ह आलं की त्यांचा कोड चकायचा, अवतरण अवेळी बंद व्हायचं आणि पुढचा मजकूर नवा गुणधर्म बनायचा. ट्वीटवरून नुसता माउस फिरला की कोड चाले. ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांच्या पत्नी सारा ब्राउन यांचं खातंही त्यात सापडलं. कंपनीने मग जाहीर केलं ते मी वर्गात दर वर्षी सांगतो : ही फट महिनाभर आधीच बुजवली होती, नंतरच्या एका बदलात ती नकळत पुन्हा उघडली. चार वर्षांनी, 11 जून 2014 ला, त्यांच्याच ट्वीटडेकमध्ये ऑस्ट्रियातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तशीच फट सापडली. तो बिचारा ट्वीटमध्ये बदामाचं लाल चिन्ह उमटवायचा खटाटोप करत होता. त्या फटीतून दुसऱ्या कुणी सोडलेलं, स्वतःच स्वतःला पसरवणारं एक ट्वीट ऐंशी हजारांवर वेळा पुढे गेलं आणि ट्वीटडेक काही काळ बंद ठेवावं लागलं.

पीएचपीत तर एकेरी अवतरणाची खोड फार दिवस टिकली. एस्केप करणारं तिचं नेहमीचं फंक्शन दुहेरी अवतरण बदलायचं, पण वेगळं सांगितल्याशिवाय एकेरीला हात लावत नसे. 2021 च्या शेवटी आलेल्या 8.1 या आवृत्तीपासून ते दोन्ही बदलतं. कृतिदेवाच्या हिशेबाने, एवढी वर्षं ‘ष’ बांधलेला होता आणि ‘श’ मोकळा.

मग नव्या साधनांनी हे काम आपोआप होत असताना पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. जँगोने 2008 च्या आपल्या 1.0 आवृत्तीत आणि रेल्सने 2010 च्या तिसऱ्या आवृत्तीत न सांगता एस्केप करायची रीत पाडली. रिॲक्टही ते करतं, आणि कच्चं एचटीएमएल घुसवायचंच असेल तर ज्या नावाची सोय वापरावी लागते त्या नावातच त्यांनी ‘धोकादायक’ हा शब्द घालून ठेवला आहे. मला ते नाव फार आवडतं. त्याउलट जँगोच्या टेम्प्लेटमध्ये एस्केप टाळायला ‘सेफ’ असं लिहितात. नवख्याला वाटतं, हे लिहिल्याने मजकूर सुरक्षित होतो. होत काहीच नाही. ‘हा मजकूर सुरक्षित आहे, जबाबदारी माझी’ अशी ती सही असते, स्टँपपेपरवर करावी तशी. मराठी अक्षरं तुटली, ठळक ठसा उमटला नाही, परिच्छेद पडले नाहीत, की पोरं सगळीकडे ही सही ठोकत सुटतात. खरोखरच वापरणाऱ्याला ठळक-तिरपं लिहू द्यायचं असेल तर त्यासाठी डॉमप्युरिफायसारखी घासूनपुसून पारखलेली लायब्ररी आहे, ती वापरावी. आपली चाळणी आपण रात्री बसून विणू नये. सॅमीची गोष्ट वर आलीच आहे.

पुस्तकाच्या भाषेबद्दल थोडं. अकोला, अमरावतीच्या महाविद्यालयांतली पोरं गेली काही वर्षं माझ्याकडे येतात, त्यांच्या वह्यांतून हे तयार झालं. त्यांची पाठ्यपुस्तकं इंग्रजी, उत्तरपत्रिका इंग्रजी, पण चूक सापडली की तोंडातून निघतं ते वऱ्हाडी. ‘सर, हे तं आपलंच बोलनं समजते’, असं एक मुलगी ब्राउझरबद्दल म्हणाली होती. पहिल्या प्रकरणाचं शीर्षक तिथूनच आलंय. काही सहकाऱ्यांनी सुचवलं की मराठी अक्षरांवरचं प्रकरण वगळा, आता कोण कृतिदेव वापरतंय. कचेरीत अर्ज टाइप करून देणाऱ्या कोणत्याही खोपटापाशी पाच मिनिटं उभं राहिलं तर याचं उत्तर मिळतं. ते प्रकरण ठेवलं आहे.

छपाईतही त्याचा प्रत्यय आला. हस्तलिखित युनिकोडमध्ये होतं, पण छापखान्यात पानं लावताना ते जुन्या फॉन्टमध्ये उतरवलं गेलं, मजकुरासकट कोडचे नमुनेही. पहिली प्रुफं हाती आली तेव्हा कोडमधला प्रत्येक < ‘ढ’ झाला होता, प्रत्येक > ‘झ’. ठळक अक्षरांसाठीचा साधा टॅग, ज्यात कंसांच्या मध्ये एकच रोमन बी असतो, तोही देवनागरी होऊन बसला होता. आमचे मुद्रितशोधक मराठीचे निवृत्त शिक्षक. संगणकाशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी तो टॅग पानोपानी पेन्सिलीने गोल केला होता, आणि समासात सुवाच्य अक्षरात विचारलं होतं : ‘ढइझ? शब्दकोशात नाही. वऱ्हाडी असल्यास तळटीप द्यावी.’

— लेखक
जुने शहर, अकोला